खंडेनवमीनंतरचं नेटवर्क

आमच्या घरात हळू बोलायची सोय नव्हती. गोडादऱ्यातल्या ज्या गल्लीत मी लहानाची मोठी झाले, तिच्या टोकाला सांच्यांचं एक खातं होतं. सांचा म्हणजे यंत्रमाग आणि खातं म्हणजे त्या मागांची लांबलचक पत्र्याची शेड. सुरतेत राहून हे शब्द आमच्या तोंडात इतके बसले होते की यंत्रमाग हा शब्द मी पहिल्यांदा मराठी शाळेच्या पुस्तकात वाचला आणि बाईंना विचारलं, हे काय असतं? दिवसरात्र खटखट खटखट. गावाकडून, म्हणजे खानदेशातून, कुणी पाहुणे आले की पहिल्या रात्री कूस बदलत राहायचे आणि सकाळी विचारायचे, झोपता कसे तुम्ही इथे? आम्ही म्हणायचो, का, काय झालं? आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही. वीज जाऊन खातं बंद पडलं की मात्र अख्खी गल्ली दचकून जागी व्हायची. त्या खात्यात माझे वडील, नाना, मास्तर होते. मास्तर म्हणजे सांचा अडला, धागे तुटायला लागले, कापडावर पट्टा पडायला लागला की ज्याला हाक मारायची तो माणूस. कारीगर पुष्कळ असतात, मास्तर एक असतो, असं माय फार तोऱ्यात सांगायची.

खोली एकच, तिला पडदा लावून केलेली दीड. पडद्याच्या अलीकडे खाट, टेबल आणि देव. पलीकडे चूल म्हणजे गॅस, मोरी आणि मायचा साड्यांचा ढीग. माय घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवायची. त्या डिंकाचा आंबूस वास भाकरीलाही लागलाय असं मला वाटायचं, आणि मी तसं म्हटलं की ती म्हणायची, मग नको खाऊस. खायचे मी मुकाट्याने. कळण्याची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, सुट्टीच्या दिवशी तर्रीवाली शेवभाजी. वरच्या मजल्यावर घरमालकीण हंसाबेन राहायच्या. त्यांच्याकडून हांडवा खाली यायचा आणि आमच्याकडून भरीत वर जायचं. त्यांच्याच घरात इंटरनेटचा डबा होता, आणि त्याचा पासवर्ड त्यांनी मला आपणहून कागदावर लिहून दिला होता. बदल्यात त्यांच्या नातवंडांशी व्हिडिओवर बोलायची वेळ झाली की मी वर जाऊन सगळं जोडून द्यायचं. नाना आणि माय आपसात अहिराणी बोलत, मी त्यांच्याशी शाळेतली मराठी बोलायची, जिन्यात गुजराती, रस्त्यावर हिंदी. आता या वयात मला विचारलं की तुमची भाषा कोणती, तर खरंच थकल्यासारखं होतं. कोणती म्हणून सांगू?

नानांच्या कानांबद्दल घरात बोलत नसत. खात्यात शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंही ऐकू जात नाही, म्हणून तिथले लोक हातांनी आणि ओठांनी बोलतात. पन्नास पावलांवरून नुसते ओठ हलले की नानांना कळायचं, कुठल्या सांच्यावर काय झालंय. घरीही ते आमच्या तोंडाकडे बघत बसायचे, आणि त्यामुळे किती वर्षं आम्हालाच कळलं नाही की ते ऐकत नाहीत, बघतात. मी एकदा पाठमोरी होऊन काही विचारलं, परत विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि मायने हातातली साडी खाली ठेवली. मग कानाचा डॉक्टर झाला. तो म्हणाला, हा आवाज सोडा. आज सोडलात तर उरलंय तेवढं राहील, नाही तर वर्षा-दोन वर्षांत तेही जाईल. नाना "बरं" म्हणाले आणि त्याच दिवशी पाळीवर गेले. जाणार नाहीत तर काय करणार? मास्तर सांच्याचा दोष कानाने ओळखतो. कान गेलेत हे शेठला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा मास्तर उभा राहिला असता. म्हणून डॉक्टरचा कागद मायने पिठाच्या डब्याखाली ठेवला आणि आम्ही तिघांनी तोंडाला कुलूप लावलं.

लॅपटॉप मी त्याच साली घेतला. घेतला म्हणजे, एका ऑफिसने जुनी मशीनं काढून टाकली, त्यातलं एक माझ्या नशिबी आलं. जाड, काळं, मांडीवर ठेवलं की मांडीला मुंग्या येणार. बॅटरी मेलेली, त्यामुळे वायर निघाली की राम म्हणायचं. नेटची केबल लावायची खाच आधीच्या मालकाच्या हातून मोडलेली, तेव्हा जे काही चालायचं ते आतल्या वायफायच्या कार्डावर. पण चालायचं! हंसाबेनच्या डब्याच्या पाचातल्या चार काड्या आमच्या खोलीत मिळायच्या. दीड महिना मी त्यावर अर्जांमागून अर्ज केले, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका ठिकाणाहून फोन आला. मिक्सर आणि पंखे बनवणाऱ्या कंपनीची मराठी तक्रार-लाइन. घरी बसून, लॅपटॉपवर हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी घ्यायच्या. मुलाखतीतली मॅडम म्हणाली, आवाज चांगला आहे तुझा, पण आधी तीन तासांची चाचणी होईल, खऱ्या कॉल्सवर. लाइन एकदा तुटली तर माफ, दोनदा तुटली तर आपलं जमायचं नाही. मोबाइलवरचं इंटरनेट चालणार नाही, आणि मागे आवाज नको. चाचणी दहा दिवसांनी, सोमवारी, दहा ते एक.

मी फोन ठेवला आणि मायकडे बघितलं. आम्ही दोघी एकच विचार करत होतो. ही नोकरी लागली तर नानांनी खातं सोडायचं. उरलंय तेवढं राहील, असं डॉक्टर म्हणाला होता ना.

सणात दोन दिवस लॅपटॉपवर नेट लावलंच नव्हतं, आणि त्या दिवशी लावलं तर नेटवर्क मरायला लागलेलं. चारच्या जागी एक काडी. तीही कधी असायची, कधी नसायची. पान अर्धं उघडायचं आणि गोल फिरत बसायचं. मी आधी स्वतःच स्वतःला समजावलं की सणाचे दिवस आहेत, सगळे सिनेमे बघत असतील. पण त्याच खोलीत, त्याच खाटेवर माझ्या मोबाइलला हंसाबेनचा डबा भरघोस दिसत होता. म्हणजे दोष डब्याचा नाही, आपल्या डबड्याचा.

तेव्हा मला कोण सांगणार होतं? मी मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि लॅपटॉपवर करायचे. आत जाऊन सगळ्या उपकरणांची यादी उघडली, त्यात कार्डाचं नाव शोधलं. वाटलं होतं की शेजारी पिवळा त्रिकोण असेल, काहीतरी बिघाड लिहिला असेल. छे! स्वच्छ लिहिलेलं, हे उपकरण व्यवस्थित चालू आहे. असा राग आला म्हणून सांगू! माणूस तापाने फणफणलाय आणि कपाळावर लिहिलंय, तब्येत उत्तम. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. ड्रायव्हर म्हणजे कार्ड कसं चालवायचं हे मशीनला सांगणारा छोटा प्रोग्राम. नवा टाकला, नवा नको म्हणून जुना टाकला, जुना सापडेना म्हणून त्याहून जुना टाकला. वीज वाचवायला मशीन कार्डाला झोपवतं असं कुणी म्हणालं, तर त्या सोयीपुढची बरोबरची खूण काढली. हंसाबेनच्या घरी जाऊन डब्याचा चॅनल बदलला, डबा टीव्हीवरून कपाटावर ठेवला, कपाटावरून खिडकीत ठेवला. बिचाऱ्या एकदाच म्हणाल्या, "बेटा, हवे एने माळिये चढाववानो छे?" म्हणजे आता याला माळ्यावर चढवायचाय का. शेवटी लॅपटॉप, चार्जर आणि एक लांब एक्स्टेन्शन घेऊन मी जिना चढायला लागले. तळाशी एक काडी, चौथ्या पायरीवर दोन, सातव्या पायरीवर तीन, आणि हंसाबेनच्या दारात चार. तिथे बसून काम केलं असतं, पण त्यांच्याकडे पोपट होता आणि तो दिवसभर त्यांच्या मेलेल्या नवऱ्याच्या आवाजात चहा मागायचा.

आज कुणी म्हणेल, अगं बाई, बाहेरून लावायचं बोटभर कार्ड मिळतं, ते आणून खोचायचं की. मला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत असेल त्यांना मी विचारलं नाही, कारण मी तेव्हा कुणालाच काही विचारायची नाही. माझ्या स्वभावाचा हा भाग अजून गेलेला नाही, फक्त आता त्याने दमायला जास्त होतं.

त्या आठवड्यात नानांची रात्रपाळी होती. सकाळी सातला ते अंगावर धाग्यांची पांढरी भुरी घेऊन यायचे, मोरीत तोंड धुवायचे आणि माझ्या समोर येऊन उभे राहायचे.

"चालू व्हयनं का?"

मी मान हलवायची. नाही.

"व्हई जाई," म्हणायचे. होऊन जाईल. आणि मायने केलेला चहा आधी माझ्यापुढे सरकवायचे. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. पाचव्या दिवशी त्या "व्हई जाई"नेच डोकं फिरायला लागलं. कसं होईल? कोण करेल? मी कप जरा आपटून ठेवला. नानांना तो आवाज ऐकू गेला नाही, कप हललेला मात्र दिसला, आणि ते गुपचूप पडद्याआड जाऊन झोपले.

रविवार उजाडला. सकाळपासून मी लॅपटॉपला हात लावला नाही, नुसती त्याच्याकडे बघत बसले. जेवणं झाली, नाना झोपले, माय वर हंसाबेनकडे साडी दाखवायला गेली. मोबाइलवर एका मुलाचा व्हिडिओ लागला. तो म्हणत होता, सगळं करून थकला असाल तर आता मशीन उघडा. कार्डाला दोन बारीक वायरी असतात, एक काळी, एक पांढरी. त्या स्क्रीनच्या कडेने वर जातात आणि हवेतलं नेटवर्क पकडतात. त्यातली एक निसटलेली असेल. जुन्या लॅपटॉपमध्ये नेहमी होतं हे.

नानांच्या पेटीतला बारीक पेचकस मी काढला. हे बंद पडलं असतं तर सगळंच संपलं होतं. बुडाचे स्क्रू काढून वाटीत ठेवले, झाकण नखाने उचललं. आत सगळं चकाचक. धुळीचा कण नाही. तेव्हा मला आठवलं की खंडेनवमीला नानांनी हे उघडलं होतं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. खात्यात त्या दिवशी प्रत्येक सांचा उघडतात, आतला सगळा कचरा झाडतात, तेल देतात आणि मग हळद-कुंकू. नुसतं वरून पुसून फूल वाहिलं तर नाना त्याला पूजा म्हणत नसत. त्या दिवशी मी बाजारातून आले तर लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाची पाच बोटं, वर झेंडूचं फूल, शेजारी मायची कात्री आणि इस्त्री. आणि नाना मला वर्तमानपत्रावरची राखाडी भुरी दाखवत होते. "देख, कितला कचरा निंघना!" पंख्याची घरघर खरंच थांबली होती. मी हसले होते, पाया पडले होते. नंतरच्या दहा दिवसांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की दोष तिथे असेल. नानांच्या हातून काही बिघडेल हा विचारच आमच्या घरात कुणाला शिवत नसे.

कार्ड सापडलं. पांढरी वायर आपल्या जागी होती. काळीही जागी होती. मी काळीवरून बोट फिरवत गेले, आणि बिजागरीपाशी बोटाला काहीतरी लागलं. डोळे अगदी जवळ नेले. गाठ होती. वायर तिथे तुटलेली आणि दोन टोकं एकमेकांत गुंतवून, शेपट्या कापून, इतकी बारीक गाठ मारलेली की बघणाऱ्याला वायरचाच जाड भाग वाटावा. ती गाठ मी जन्मापासून बघत आले होते. सांच्यावर धागा तुटला की कारीगर चुटकीसरशी मारतात ती. फणीतून अडकल्याशिवाय निघून जाते, कापडात शोधून सापडत नाही. नानांसारखी ती गाठ अख्ख्या खात्यात कुणाची बसत नाही, असं लोक म्हणत.

केसासारख्या त्या वायरीच्या आत तांब्याची तार, तिच्यावर आवरण, त्यावर जाळी, वर पुन्हा आवरण. तिची गाठ मारून काय होणार? काहीच होत नाही. नुसती जोडलेली दिसते.

मी ओरडले. पडदा ओढला आणि झोपलेल्या नानांचा खांदा गदागदा हलवला. ते धडपडत उठले, डोळे चोळत माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी त्यांना ओढत टेबलापाशी आणलं आणि ती गाठ दाखवली.

त्यांनी वाकून बघितलं. चेहऱ्यावर काहीच अपराध नाही. "तुटनं व्हतं," ते म्हणाले, "जोडी दिधं."

"सांगितलं का नाही? दहा दिवस मी मरतेय! एक शब्द सांगितला का नाही?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. दिवसातून शंभर धागे तुटतात. तुटलेला धागा कुणी सांगत बसतं का? जोडायचा आणि पुढे जायचं. सांगायला जो जातो त्याला काम येत नाही, असं खात्यात म्हणतात. "माले वाटनं, जोडाई गयं," ते म्हणाले, आणि बोटाने पुन्हा ती गाठ चाचपून बघायला लागले, जणू सैल राहिली असेल तर आवळून देतो.

त्या चाचपण्याने माझं तोंड सुटलं. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडायची सवय होतीच, त्या दिवशी त्यात राग मिसळला. "ऐकू येत नाही तुम्हाला! बहिरे झालात, बहिरे! सगळं लपवून बसलोय तुमच्यासाठी. मग ज्यातलं कळत नाही त्यात हात कशाला घालता?"

दार उघडं होतं. गल्लीत खात्यातले तीन-चार जण पानाच्या टपरीपाशी उभे होते, आणि ते सगळे आमच्या दाराकडे वळून बघत होते. माय जिन्यावरून धावत खाली आली, मागून काय झालं विचारत हंसाबेन. "हुं थ्युं, ज्योती? हुं थ्युं?" नानांनी माझ्या मागे दाराकडे बघितलं, ती माणसं बघितली. मग ते गेले आणि त्यांनी दार लावलं. शर्ट घातला, पाळीला अजून तीन तास होते तरी डबा न घेता निघाले. माय चहा ठेवायला गेली, आणि चहा उतू गेला तरी तशीच उभी राहिली.

मी रडत बसले नाही, हे मी सांगते कारण त्याचा मला आजही राग येतो. आता तर ही नोकरी मिळालीच पाहिजे होती. शेठच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार? मी पुन्हा तो व्हिडिओ लावला. काळी वायर मुख्य असते, पांढरी जोडीला असते. एकच धड असेल तर? मी पांढरी वायर तिच्या जागेवरून उचलली, ओढूनताणून काळीच्या जागी आणली आणि अंगठ्याने दाबली. टक् झालं. काळी तशीच बाजूला दुमडून ठेवली. स्क्रू लावले, चालू केलं. एक काडी. दोन. तीन! तीनवर थांबली आणि तासभर हलली नाही. एवढंच होतं ते. दहा दिवस ज्यासाठी माझ्या नाकी नऊ आले, ते काम दोन मिनिटांचं होतं.

सोमवारी सकाळी नाना घरी आले ते खिळे आणि हातोडी घेऊनच. माझ्याकडे बघितलं नाही. घरातल्या सगळ्या गोधड्या त्यांनी काढल्या आणि दारावर, खिडकीवर, जिन्याच्या भिंतीवर ठोकल्या, खात्याचा आवाज आत येऊ नये म्हणून. एक ठोकायची आणि मायला विचारायचं, "आवाज येस का?" माय म्हणायची, येतोय. मग आणखी एक. शेवटी ती म्हणाली, आता नाही. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. दसऱ्यानंतरचं सुरतचं ऊन, बंद खोली, गोधड्या. दहा वाजेपर्यंत मी घामाने निथळत होते. माय साड्या घेऊन वर गेली. नानांनी झोपायला हवं होतं, पण ते समोरच्या खाटेवर बसले, पाय जवळ घेऊन, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी काय बोलते ते त्यांना सगळं कळत होतं. समोरचा काय बोलतो ते फक्त मला.

कॉल यायला लागले. पंखा हळू फिरतो, मिक्सरचं झाकण बसत नाही, गॅरंटीचा कागद उंदराने खाल्ला. माझं अर्धं लक्ष त्या तीन काड्यांकडे. साडेबाराच्या सुमारास लाइनवर एक आजोबा आले. मिक्सर चालूच होत नाही. मी म्हणाले, "आजोबा, मिक्सर उलटा करा, त्याच्या बुडाला लाल बटण आहे, ते दाबा."

"काय करू?"

"मिक्सर उलटा करा."

"कुलूप? कुलूप कशाचं?"

मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "जरा जोरात बोल पोरी, ऐकायला कमी येतं मला." मी आवाज चढवला नाही, शब्द सुटे केले, एकेक. उलटा. करा. मिक्सर. मग बुड म्हणजे कुठलं ते सांगितलं. मग बटण केवढं ते सांगितलं, शेंगदाण्याएवढं. सहा वेळा, सात वेळा, हसत हसत. शेवटी पलीकडे मिक्सर घर्रर्र करून चालू झाला आणि ते इतके खूश झाले की माझं नाव, गाव, लग्न झालंय का, सगळं विचारून फोन ठेवला. एकदा लाइन किंचित अडखळली होती, पण तुटली नाही.

एक वाजला. मॅडम स्वतः लाइनवर आली. म्हणाली, "ते आजोबा किती छान सांभाळलेस! एवढा धीर नव्या मुलींना नसतो. घरी कुणाला कमी ऐकू येतं का?"

मी समोर बघितलं. नाना माझ्या ओठांकडे बघत होते.

"नाही मॅडम," मी म्हणाले, "आमच्या घरात सगळ्यांना नीट ऐकू येतं."

नोकरी लागली. नानांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर खातं सोडलं. म्हणजे शेठनेच सोडायला लावलं, त्याला ते रविवारीच कळलं होतं. आवाज थांबला म्हणून असेल, पण डाव्या कानात उरलेलं थोडंसं ऐकणं पुढे कितीतरी वर्षं टिकलं. यातलं त्या दुपारी मला काही माहीत नव्हतं. मी हेडफोन काढला तेव्हा माझे कान लाल झाले होते. नानांनी उठून पंखा लावला आणि दारावरची गोधडी काढली. माय खाली आली, तिने ताटं वाढली. भाकरी आणि भरीत. तिघं जेवायला बसलो, आणि कालचं कुणीतरी काढेल म्हणून मी ताटातलं भरीत नुसतं चिवडत होते. माफी मागायची तर ती ओरडून मागावी लागली असती, आणि आता मला ओरडवत नव्हतं.

नानांनी भाकरी मोडली आणि मायकडे बघून म्हणाले, "पोर हुशार शे आपली. घरनं घरमा ठेवस."

घरातलं घरात ठेवते, हे ते टोचून बोलले नव्हते. टोचून बोलणं त्यांना यायचंच नाही. मी ताटावरून उठले, मोरीत गेले, पूर्ण नळ सोडला आणि त्याच्या आवाजात हुंदके देऊन रडले. नानांना ऐकू जाऊ नये म्हणून. नळाची काही गरज नव्हती.